चष्म्याचे संरक्षण आणि डोळ्यांचे स्वावलंबन

मराठी मध्यमवर्गीय कुटुंबातील मुलाला वयाच्या आठव्या-नवव्या वर्षी नंबर लागला की त्या घराच्या कायदेकानूंत एका नव्या कलमाची भर पडते, आणि ते कलम म्हणजे संध्याकाळी मूल खेळायला निघाले असता स्वयंपाकघरातून, देवघरातून अथवा गॅलरीतून, ज्या कोणाचा पहारा त्या वेळी चालू असेल त्याच्या मुखातून सुटणारा ‘चष्मा काढून खेळ रे!’ हा हुकूम. या हुकमावर अपील नाही. मूल निमूटपणे चष्मा उतरवते, चष्मा डबीत जातो, डबी कपाटात जाते, कपाटाला कडी लागते, आणि समोरून येणारा इसम आपला काका आहे की दूधवाला हे ज्याला दहा पावलांवरूनही ओळखता येत नाही असे ते उणे तीन नंबरचे बालक, भरधाव सुटलेल्या चेंडूला सामोरे जाण्यासाठी मैदानावर रवाना होते. दोन-अडीच हजार रुपयांच्या ऐवजाचा चोख बंदोबस्त झाला म्हणून मागे घरात समाधान पसरते. डोळ्यांचा विषय कोणी काढीत नाही. ते जन्मतःच मिळालेले असल्यामुळे त्यांची पावती घरात नसते, आणि ज्याची पावती नाही त्याची काळजी नाही, हा आपल्या हिशेबी संसाराचा सनातन नियम आहे.

या प्रश्नावर आपल्या समाजात पूर्वापार दोन पक्ष आहेत. वर वर्णिलेला जहाल पक्ष चष्म्यावर संपूर्ण बहिष्काराचा पुरस्कार करतो. मवाळ पक्ष मात्र, चेंडू दिसावा ही मुलाची आकांक्षा तत्त्वतः रास्त आहे हे मान्य करून, चष्मा नाकावर राहू देतो. पण त्याच्या दोन काड्यांना मागून काळी दोरी बांधून ती मानेवर अशी आवळतो की चेंडू तोंडावर आदळला तरी चष्मा खाली पडून फुटू नये. मार्ग भिन्न असले तरी दोन्ही पक्षांचे ध्येय एकच, की काहीही होवो, चष्मा वाचला पाहिजे. जहालांचा मुलगा निदान चेंडूच्या आवाजाने घाबरून बाजूला तरी होतो. मवाळांच्या मुलाची स्थिती अधिक नाजूक असते, कारण रोजचा चष्मा हा फळा आणि पाठ्यपुस्तक वाचण्यासाठी घडवलेला असून चेंडूशी दोन हात करण्याची जबाबदारी त्याच्यावर कोणी टाकलेलीच नसते. त्याचे भिंग चौकटीच्या उथळ खाचेत कसेबसे टेकलेले असते आणि जोराचा धक्का बसताच ते आतल्या बाजूला, म्हणजे नेमके डोळ्याकडेच निसटू शकते. भिंग काचेचे असेल तर मग त्याचे तुकडेही त्याच दिशेने प्रवासाला निघतात. आणि ज्या चष्म्याला उडून पळ काढण्याची सोय होती, त्या बिचाऱ्याला दोरीने जागच्या जागी जखडून ठेवलेले असते.

अलीकडे या दोहोंत एका सुधारक पक्षाची भर पडली आहे. या पक्षाचे म्हणणे असे की मुलाला कॉन्टॅक्ट लेन्स बसवाव्या म्हणजे चष्म्याचा प्रश्नच मिटला. चष्म्याचा प्रश्न खरोखरच मिटतो, यात शंका नाही. मात्र बुबुळावर तरंगणारा तो नाजूक पापुद्रा चेंडूला अडवील अशी अपेक्षा करणे म्हणजे पडद्याने दरवडेखोर अडतील असे मानण्यासारखे आहे, हे सुधारकांच्या ध्यानात येत नाही, कारण कोणत्याही सुधारणेत मूळ दुखणे कोणते होते हा मुद्दा सर्वांत आधी विस्मरणात जातो.

कोणता खेळ धोक्याचा याविषयीचे आपले समजही मोठे मनोरंजक आहेत. सर्वसाधारण पालकाची भीती चेंडूच्या वजनाच्या प्रमाणात असते. सीझन बॉलचे नाव काढताच ज्या मातेच्या काळजाचा ठोका चुकतो, तीच माता बॅडमिंटनचे नाव ऐकताच निर्धास्त होते. कारण फूल ते केवढे, पिसांचे, आणि वजन अवघे पाच ग्रॅम! परंतु निसर्गाने डोळ्याची खोबण घडवली ती या हिशेबाने नव्हे. ती सुमारे चार सेंटिमीटर रुंद आहे. क्रिकेटच्या चेंडूचा व्यास सात सेंटिमीटरांहून किंचित अधिक. तो आला की बराचसा आघात कपाळाचे आणि गालाचे हाड आपल्या अंगावर घेते, अर्थात म्हणून तो निरुपद्रवी ठरतो असे मुळीच नाही. स्क्वॉशचा चेंडू मात्र चार सेंटिमीटरांचा, म्हणजे जणू खोबणीचे माप घेऊनच बनवलेला. आणि फुलाचे बूच तर अवघे २५ ते २८ मिलिमीटरांचे, ज्याला हाडांच्या या तटबंदीतून कोणाचीही परवानगी न घेता थेट आत शिरता येते. सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी या आपल्याच खेळाडूने २०२३ साली जपानमधील एका कारखान्यात मोजमापाच्या यंत्रासमोर मारलेला स्मॅश ताशी ५६५ किलोमीटर वेगाने निघाला होता, ही गोष्ट ‘फुलाने काय होणार’ असे म्हणणाऱ्या पालकांना सांगून पाहावी. ते क्षणभर विचारात पडतात आणि म्हणतात, ‘पण आमची चिंगी कुठे एवढ्या जोरात मारते?’ चिंगीला लागणारे फूल चिंगीने मारलेले नसते, हा तर्कशास्त्रातील प्राथमिक मुद्दा येथे मांडावा लागतो.

या बाबतीत पुणेकरांवर तर विशेष नैतिक उत्तरदायित्व आहे. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीतल्या गोऱ्या अंमलदारांनी या खेळाचे प्रारंभीचे नियम बसवले आणि काही काळ तो ‘पूना’ याच नावाने ओळखला जात असे. ज्या खेळाला आपण जगाच्या स्वाधीन करताना आपले नाव दिले, त्या खेळात आपलीच मुले दुहेरीच्या सामन्यात जाळ्यापाशी उभी राहून, मागे भिडू काय करतो आहे हे पाहण्यासाठी ऐन मोक्याच्या क्षणी मान वळवतात. बॅडमिंटनमधील डोळ्यांच्या कितीतरी दुखापती नेमक्या याच कुतूहलापोटी होतात. प्रतिपक्षाचे फूल समोरून येते तेव्हा डोळा निदान मिटण्याची तयारी करतो. स्वपक्षाच्या फुलापुढे आणि त्याहूनही स्वपक्षाच्या रॅकेटपुढे तो अगदीच बेसावध असतो. राजकारणातला अनुभव याहून निराळा नाही.

हे सर्व पुराव्यानिशी मांडले असता घरातील ज्येष्ठ मंडळी इतिहासाचा आधार घेतात. ‘आम्ही विटीदांडू खेळलो, आमचे काय झाले?’ या प्रश्नाला उत्तर नसते, कारण ज्यांचे काही झाले ते हा प्रश्न विचारीत नाहीत. वस्तुतः दोन्ही टोकांना तासलेली लाकडी विटी ही भारतातील नेत्रवैद्यांची जुनी परिचित आहे. त्यानंतर दुसरे हुकमी पान निघते ते पतौडींचे. ‘पतौडी एका डोळ्यावर हिंदुस्थानचा कप्तान झाला!’ ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. १९६१ साली इंग्लंडात झालेल्या मोटारीच्या अपघातात मन्सूर अली खान पतौडी यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली, आणि १९६२ साली, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, ते भारताचे कप्तान झाले व पुढे त्यांनी सहा कसोटी शतकेही काढली. परंतु या चरित्रापासून ‘दुसरा डोळा हा अतिरिक्त आहे’ असा बोध घेणारी मंडळी पाहिली की थोरांची चरित्रे घरात ठेवावी की नाही असा प्रश्न पडतो. उलट ज्यांना इतिहासच हवा त्यांना मी सबा करीम यांचे नाव सांगतो. २००० साली ढाक्यात, आशिया चषकाच्या सामन्यात, यष्टिरक्षण करताना अनिल कुंबळे यांचा चेंडू त्यांच्या डोळ्यावर बसला आणि त्यांची कारकीर्द तेथेच संपल्यासारखी झाली. आणि दक्षिण आफ्रिकेच्या मार्क बाउचरला तर २०१२ साली टॉन्टनच्या मैदानावर चेंडूही लागला नाही. इम्रान ताहिरच्या चेंडूवर फलंदाज त्रिफळाचीत झाला, त्या आनंदाच्या क्षणी उडालेली बेल त्याच्या डाव्या डोळ्यात शिरली आणि त्याला निवृत्ती पत्करावी लागली. दोन्ही गृहस्थ आंतरराष्ट्रीय दर्जाचे यष्टिरक्षक होते. ‘नीट लक्ष देऊन खेळलं की काही होत नाही’ हे वाक्य त्यांच्यासमोर उच्चारण्याचे धैर्य कोणा मामाला होईल असे वाटत नाही.

येथे थोडे गंभीर होणे भाग आहे. काही मुलांचा एक डोळा उपजत किंवा आजाराने मंद असतो. चष्मा लावूनही त्या डोळ्याने फारसे दिसत नाही. अशा मुलाचा व्यवहार खऱ्या अर्थाने एका डोळ्यावर चालतो, म्हणून चेंडूच्या प्रत्येक खेळात त्याने संरक्षक चष्मा घातलाच पाहिजे, आणि मुष्टियुद्धासारख्या ज्या खेळांत डोळ्याला पुरेसे संरक्षण देणारे साधनच नाही ते खेळ त्याने सोडून द्यावे, असे नेत्रवैद्य आणि बालरोगतज्ज्ञ सांगतात. या सल्ल्यात विनोदाला जागा नाही, आणि मसलतीलाही नाही.

बाकीच्यांनी चष्मा घेण्याचा निश्चय केला की दुकानदारांशी गाठ पडते. बॅडमिंटन खेळणाऱ्या माझ्या पुतणीला घेऊन मी प्रथम खेळाच्या साहित्याच्या दुकानात गेलो. ‘मुलांसाठी खेळताना घालायचा चष्मा आहे का?’ असे विचारताच तेथील तरुणाने मोठ्या तत्परतेने आरशासारखी निळी-जांभळी झळाळी असलेला, कोठल्याही इन्स्पेक्टराला शोभेल असा काळा गॉगल काउंटरवर ठेवला. बंद सभागृहात विजेच्या दिव्याखाली खेळणाऱ्या मुलीला उन्हाचा चष्मा कशाला, ही माझी शंका त्याला क्षुल्लक वाटली.

‘यात नंबर बसतो का?’

‘नंबर कशाला, साहेब? सगळे क्रिकेटर हाच घालतात.’

‘पण चेंडू लागला तर?’

‘चेंडू लागूच द्यायचा नाही, साहेब.’

सुरक्षिततेच्या शास्त्राचा इतका संक्षिप्त सारांश मी अन्यत्र ऐकलेला नाही. नंबरचेच पाहिजे असेल तर चष्म्याच्या दुकानात जा, असा दाखला घेऊन आम्ही तेथे गेलो. तेथल्या मालकांनी सर्व कैफियत शांतपणे ऐकून ‘खेळाचा चष्मा ना? तो स्पोर्ट्सच्या दुकानात मिळतो,’ असा शेरा मारला. परंतु गिऱ्हाईक परत जाऊ नये म्हणून लगेच एक गुलाबी रंगाची नेहमीची फ्रेम काढून तिच्या काड्या दोन्ही हातांनी चांगल्या पिळून दाखवल्या. ‘काका, हिच्यात फायबर टाकून देतो. आपटली तरी फुटणार नाही.’ भिंग फुटले नाही, पण निसटून आत गेले तर, असे मी विचारले. ते क्षणभर थांबून म्हणाले, ‘तशी कम्प्लेंट घेऊन अजून कोणी आलं नाही.’ एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर आणि दुसऱ्यावरून पुन्हा पहिल्यावर असा प्रवास केवळ सरकारी दप्तरातील अर्जच करतात, हा माझा समज त्या दिवशी गळून पडला.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी काही तपशील स्वतःच्या पदरी असणे बरे. भिंग पॉलिकार्बोनेटचे मागावे. हा पदार्थ १९५३ साली जर्मनीत हेरमान श्नेल आणि अमेरिकेत डॅनियल फॉक्स या दोन रसायनशास्त्रज्ञांना, एकाला दुसऱ्याचा पत्ता नसताना, सापडला. चंद्रावर गेलेल्या अपोलोच्या अंतराळवीरांच्या शिरस्त्राणाचा पारदर्शक घुमट याचाच होता. चंद्रावर जाणाऱ्याला जे पुरले ते कोपऱ्यावरच्या मैदानावर जाणाऱ्याला पुरण्यास हरकत नसावी. ‘फायबर’ या नावाने सरसकट खपणारे साधे प्लास्टिक निराळे आणि हे निराळे, ही गोष्ट दुकानदाराकडून नुसती वदवून न घेता पावतीवर लिहून घ्यावी. पण भिंगाइतकीच चौकटही महत्त्वाची आहे. ती खेळासाठीच घडवलेली, नाकावर आणि कडेला मऊ गादी असलेली, शक्यतो बिजागरीवाचून, मागे रुंद ताणाच्या पट्ट्याने बसणारी हवी. आणि तिच्या खोक्यावर अमेरिकेतील एएसटीएम या संस्थेचे एफ ८०३, अथवा रॅकेटच्या खेळांसाठी अलीकडे निघालेले एफ ३१६४, हे मानक छापलेले आहे का ते पाहावे. या मानकाच्या चाचणीत चष्मा एका कृत्रिम मस्तकावर चढवून त्यावर खरोखरीचे चेंडू ठरावीक वेगाने झाडतात आणि चेंडू किंवा भिंग डोळ्याला शिवते का ते तपासतात. ती परीक्षा कृत्रिम मस्तकाने दिलेली असली की घरच्या मस्तकाला द्यावी लागत नाही. काही ठिकाणी भिंगच नसलेली नुसती जाड चौकट स्वस्तात मिळते. तिच्या वाटेला जाऊ नये, कारण स्क्वॉशचा चेंडू आपटताच दबतो आणि त्या खिडकीतून सुखेनैव आत येतो. जागतिक स्क्वॉश संघटनेने कनिष्ठ गटाच्या स्पर्धांत संरक्षक चष्मा सक्तीचा केला आहे तो उगाच नव्हे.

येथवर सर्व यथासांग पार पडले तरी खरी कसोटी पुढेच असते, आणि ती आपल्या एका प्राचीन संस्कारामुळे. मुलांसाठी घ्यायची प्रत्येक वस्तू वाढत्या अंगाची घ्यावी, हे तत्त्व आपल्या रक्तात भिनलेले आहे. गणवेश पहिल्या वर्षी गुडघ्याखाली, दुसऱ्या वर्षी बरोबर आणि तिसऱ्या वर्षी चर्चेचा विषय. बुटाच्या टोकाशी कापूस. मौंजीतला कद लग्नापर्यंत. हेच तत्त्व चष्म्याला लावले की नाकाच्या दोन्ही बाजूंना अशी प्रशस्त भगदाडे राहतात की फुलाला भिंगाशी झटापट करण्याचे कारणच उरत नाही. हेल्मेटाचेही तेच. लहान मुलांचा क्रिकेटचा चेंडू १३३ ते १४४ ग्रॅमचा आणि आकारानेही मोठ्यांच्या चेंडूहून लहान असतो. म्हणून हेल्मेटाच्या २०१३ सालच्या ब्रिटिश मानकात मोठ्यांच्या आणि मुलांच्या चेंडूंची चाचणी निरनिराळी ठेवली आहे. वडिलांनी कॉलेजात वापरलेले हेल्मेट ‘मागे पट्टा आवळला की बसतं’ या सबबीवर चिरंजीवांच्या डोक्यावर येते, तेव्हा वडिलांच्या चेंडूला अडवणारी ती जाळी चिरंजीवांच्या चेंडूला मात्र वाट करून देऊ शकते. थोरल्याचे कपडे धाकट्याला, या न्यायाने थोरल्याचा चष्मा धाकट्याला देण्यापूर्वीही विचार करावा. ज्या चष्म्याने एखादा जबर तडाखा झेलला आहे तो वरून धडधाकट दिसला तरी बदलावा, असे शास्त्र सांगते. ‘अजून चांगला आहे की!’ हे आपले उत्तर शास्त्राला ठाऊक नसावे.

पॉलिकार्बोनेटचा एक दोष प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. तो तुटत नाही, पण त्याला ओरखडे लवकर पडतात. म्हणून त्यावर ओरखडारोधक लेप हवा, आणि चष्मा पाण्याने धुऊन मऊ फडक्याने टिपावा. आपल्याकडे चष्मा पुसण्याची अधिकृत साधने म्हणजे आईचा पदर, बाबांचा सदरा आणि स्वतःची घामाने व धुळीने माखलेली बाही. यांच्या तडाख्यातून अंतराळवीरांचा घुमटही शाबूत परत आला असता की नाही, सांगवत नाही. पावसाळ्यात भिंगावर वाफ धरते ही तक्रार खरी आहे, आणि तिच्यावर उपाय म्हणून चौकटीला हवेची छिद्रे असलेला चष्मा पाहावा. वाफ धरते म्हणून चष्माच उतरवून ठेवणे हा उपाय नव्हे.

राहता राहिले ते ज्याच्यासाठी हा खटाटोप चालला आहे ते मूल. त्याचा आक्षेप सौंदर्यशास्त्रीय असतो. ‘मी बेडकासारखा दिसतो’ या वाक्यापुढे पालकांची सर्व आकडेवारी निष्प्रभ होते. एडगर डेव्हिड्स हा हॉलंडचा फुटबॉलपटू काचबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर १९९९ पासून असाच चष्मा घालून युरोपातल्या मोठमोठ्या मैदानांवर धुमाकूळ घालीत असे आणि तो चष्माच त्याची ओळख होऊन बसला. फुटबॉलच्या नियमावलीतील चौथे कलमही खेळाच्या चष्म्याला उघड परवानगी देते. परंतु आजच्या मुलाला डेव्हिड्स हे नाव ऐतिहासिक वाटते. त्याला रंग निवडू द्यावा, हाच व्यवहार्य तोडगा. आई-वडिलांना जो रंग पाहून आकडी येईल तोच तो निवडील आणि मग झोपतानाही उतरवणार नाही. प्रशिक्षक सरांनी पहिल्याच दिवशी सर्वांना चष्मा लावायला सांगितला, तर आक्षेप मुळातच उद्भवत नाही, कारण बेडकांच्या मेळ्यात कोणी कोणाला बेडूक म्हणत नाही.

शेवटचा प्रश्न खर्चाचा. चांगला चष्मा महाग आहे, हे निर्विवाद. सहा महिन्यांत जिची तार तुटते त्या रॅकेटवर ज्या हाताने सहज पैसे मोजले तोच हात चष्म्याच्या काउंटरवर येऊन थबकतो. येथे उपदेशाने काही साधत नाही, असे माझे निरीक्षण आहे. आपल्या स्वभावाशी भांडण्यापेक्षा त्याच्याकडूनच काम करून घ्यावे. महाग वस्तू मोडली तर आपण आठवडाभर हळहळतो, पण महाग वस्तू न वापरता पडून राहिली तर तीन पिढ्या तिचा उद्धार करतो. पैसे वसूल झाले पाहिजेत ही आपली निष्ठा डोळ्यांविषयीच्या आस्थेहून कितीतरी पटींनी बळकट आहे, आणि तिचा सदुपयोग आजवर कोणी केलेला नाही. तेव्हा खेळाचा चष्मा घेताना भाव पाडू नये, पावती अवश्य मागून घ्यावी, आणि ती मुलाच्या नव्हे, वडिलांच्या हाती ठेवावी. पुढची अंमलबजावणी आपोआप होईल.